साहेलचे कासव, फीनिक्सचे परसदार

सुलकाटा नावाच्या आफ्रिकी कासवाचे नुकतेच अंड्याबाहेर आलेले पिल्लू साधारण ५ सेंटिमीटर लांबीचे असते आणि त्याचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरते. अमेरिकेत हे लिंबाएवढे पिल्लू पाळीव प्राण्यांच्या दुकानात सहज विकत मिळते. घेणारा त्याच्याबरोबर एक काचेची पेटी आणि एक दिवा घेतो आणि आपली तयारी झाली असे समजतो. आता एक हिशेब आपल्या विद्यार्थ्यांना घालून पाहा. या पिल्लाची लांबी ६० सेंटिमीटर झाली, म्हणजे १२ पट झाली, आणि अंगाची ठेवण तीच राहिली, तर त्याचे वजन किती होईल? बरीच मुले ३५ ला १२ ने गुणतील आणि ४२० ग्रॅम असे सांगतील. पण लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही १२ पट होते. म्हणून वजन १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ पट होते. उत्तर येते ६० किलो.

हे केवळ कागदावरचे उत्तर नव्हे. पूर्ण वाढलेले सुलकाटा बहुधा ३५ ते ५० किलोंचे असते, नर त्याहून भारी होतात आणि १०० किलोंच्या पुढे गेलेल्या नरांच्याही नोंदी आहेत. गॅलापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची राक्षसी कासवे सोडली तर जमिनीवर राहणाऱ्या कासवांत यापेक्षा मोठे कोणी नाही. खाणेपिणे भरपूर असेल तर दहा-पंधरा वर्षांत ते एका माणसाला उचलेनासे होते, आणि पुढे सत्तरहून अधिक वर्षे जगू शकते. काचेच्या पेटीचा प्रश्न पहिल्या एक-दोन वर्षांतच निकालात निघतो. मग त्याला ठेवायचे कुठे?

या लेखात आपण ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहराचे उदाहरण घेऊन असे आवार कसे आखावे ते पाहू. हे शहर घेण्याचे कारण असे, की तेथील उष्ण व कोरडी हवा पाहून ‘हे वाळवंटाचे कासव, येथे त्याला काही करायला नको’ असे लोकांना वाटते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा कासवाच्या जिवावर बेततो.

आधी आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. हा लेख वाचून कोणी शेतात सापडलेले तारा कासव घरी आणू नये. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि ते पाळणे हा गुन्हा आहे. २०१९ साली वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातही त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घेतले गेले. सुलकाटासारखे परदेशी प्राणीही आता मोकळे राहिलेले नाहीत. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर या कराराच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने सरकारकडे त्याची नोंद करणे आवश्यक आहे. शाळेत कासव आणावे असे येथे सुचवलेले नाही. आवाराचा आराखडा मात्र जरूर काढावा, कारण त्यात भूमिती, भूगोल, उष्णतेचे शास्त्र आणि जीवशास्त्र हे सगळे एकत्र येते.

मूळ घर कसे आहे?

कोणत्याही प्राण्याचे आवार आखायचे तर पहिली पाहणी त्याच्या मूळ मुलुखाची करावी. सुलकाटाचा मुलूख म्हणजे साहेल. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून सुदान, इथिओपियापर्यंत गेलेला हा गवताळ, काटेरी झुडपांचा पट्टा. पाऊस थोडा, तोही उन्हाळ्याच्या अखेरीस दोन-तीन महिन्यांत पडून जाणारा. उरलेले आठ-नऊ महिने कोरडे आणि त्यातले काही अतिशय तापणारे. खरी थंडी मात्र तेथे नसतेच.

अशा ठिकाणी तग धरण्यासाठी या कासवाने काढलेली युक्ती म्हणजे बीळ. पुढच्या पायांवर त्याला जाड, एकमेकांवर चढलेले खवले असतात. त्या पायांनी माती उकरत ते तीन मीटर आणि कधी त्याहूनही लांब बोगदा खणते आणि दिवसाचा तापलेला भाग आत काढते. त्याच्या ढालीच्या प्रत्येक तुकड्यावर शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या रेघा असतात. सुलकाटा हे लॅटिन नाव या तासांवरूनच पडले आहे.

बिळात नेमके काय होते हे समजल्याशिवाय आवार आखता येणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू. जमिनीचा पृष्ठभाग दुपारी तापतो, रात्री निवतो. ही चढउताराची लाट खाली झिरपते, पण जाता जाता क्षीण होते. मध्यम ओलाव्याच्या मातीत दिवसभराची लाट दर १२ सेंटिमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे २४ सेंटिमीटरवर १४ टक्के आणि ३६ सेंटिमीटरवर अवघी ५ टक्के. पृष्ठभागाचे तापमान सरासरीच्या २० अंश वर आणि २० अंश खाली जात असेल, तर हातभर मातीखाली ते फक्त एक अंश वरखाली होते. लाट पोचायला वेळही लागतो. १२ सेंटिमीटरवर दिवसाचे कमाल तापमान पृष्ठभागापेक्षा जवळजवळ चार तास उशिरा येते, आणि ३६ सेंटिमीटरवर तर ते मध्यरात्रीच्या सुमारास येते.

शाळेच्या आवारात हे करून पाहता येईल. ५, १२, २४ आणि ३६ सेंटिमीटर खोल अशी चार अरुंद भोके पहारीने पाडावीत, प्रत्येकात काठीला बांधलेला तापमापक सोडावा, वर मातीचा बोळा दाबून बसवावा आणि दर दोन तासांनी वाचन घ्यावे. तापमापक बाहेर काढल्या काढल्या वाचला पाहिजे. चार आलेख एकाच कागदावर काढले, की लाट कशी बुटकी होत आणि मागे पडत जाते ते मुलांना आपोआप दिसेल.

आता याच नियमाचा दुसरा भाग. ऋतूंची लाट वर्षाची असते, दिवसाच्या ३६५ पट लांब. लाटेची पोच तिच्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३६५ चे वर्गमूळ सुमारे १९, म्हणून वर्षाची लाट १२ सेंटिमीटरच्या १९ पट, म्हणजे जवळजवळ सव्वादोन मीटर गेल्यावर ३७ टक्क्यांवर येते. फीनिक्सचे वर्षाचे सरासरी तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअस आहे. जुलैची सरासरी ३५ च्या आसपास आणि डिसेंबर-जानेवारीची १३ च्या आसपास, म्हणजे सरासरीच्या ११ अंश वर आणि ११ अंश खाली. ६० सेंटिमीटर खोलीवर या लाटेचा सुमारे ७७ टक्के भाग अजून शिल्लक असतो. म्हणून तेथील मातीचे तापमान ढोबळमानाने जुलैत ३२ आणि जानेवारीत १६ अंश राहील.

या दोन आकड्यांत सगळा आराखडा आहे. बाहेर ४५ अंश असताना ३२ अंशांचे बीळ म्हणजे कासवाला स्वर्ग. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत सावलीचे झाड पुरे पडत नाही, जमिनीखाली जागा हवीच. पण तेच बीळ हिवाळ्यात १६ अंशांचे होते, आणि १६ अंश या कासवाला पुरत नाहीत. उन्हाळ्याचा प्रश्न माती सोडवते; हिवाळ्यासाठी वेगळे घर लागते.

हिवाळ्याचे घर

कासव शरीरात स्वतःची उष्णता तयार करून राखत नाही, ती बाहेरून घेते. ‘शीतरक्ताचा प्राणी’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द त्यामुळे फसवा आहे. उन्हात बसलेल्या सुलकाटाचे रक्त आपल्याइतकेच गरम असू शकते. गवतासारखा चिवट चारा त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या मदतीने आंबून पचतो, आणि ही क्रिया नीट चालायला ३० अंशांच्या आसपास तापमान लागते. शरीर थंड राहिले तर खाल्लेले पोटात पडून राहते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते आणि थंड दमट जागी फुप्फुसाचा विकार जडतो.

ॲरिझोनातले मूळचे वाळवंटी कासव हिवाळाभर बिळात निद्रा घेते. त्याच्याकडे पाहून अनेकांना वाटते की सुलकाटाही तसेच करील. पण साहेलमध्ये हिवाळा नाही, त्यामुळे शीतनिद्रेची सोय या जातीत झालेलीच नाही. ते बिळात निपचित पडून राहिले तर झोपलेले आहे असे समजू नये, ते गारठलेले असते.

आता सुरुवातीचा १२ पटींचा हिशेब पुन्हा घेऊ. वजन १,७२८ पट झाले, पण पृष्ठभाग फक्त १४४ पट. म्हणजे मोठ्या कासवात प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पिल्लाच्या तुलनेत बाराव्या हिश्श्याएवढीच त्वचा येते. पिल्लू सकाळच्या उन्हात झटकन तापते. पन्नास किलोचे धूड एकदा गार झाले की हिवाळ्यातले पाच-सहा तासांचे ऊन त्याला आतपर्यंत तापवायला अपुरे पडते, आणि तोवर पुन्हा रात्र येते. म्हणून मोठ्या कासवाला गार होऊच द्यायचे नाही, हे धोरण.

त्यासाठी साधारण १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब आणि कासव आत वळू शकेल एवढ्या उंचीची जाड फळ्यांची खोली करतात. भिंतींत आणि छतात उष्णतारोधक थर्मोकोलसारखे पत्रे भरतात. दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, तो ढकलून कासव स्वतः आतबाहेर करते. आतील तापमान रात्रीही पंचवीस अंशांच्या आसपास राहावे. उष्णतेसाठी वरून टांगलेला प्रखर दिवा हा सोपा उपाय दिसतो, पण मोठ्या कासवाला तो वाईट. ढालीचा माथा दिव्याच्या फार जवळ येतो आणि भाजतो, खालचे अंग गारच राहते. शिवाय अंथरलेल्या गवतावर दिवा पडून आग लागण्याचा धोका असतो तो वेगळा. तेल भरलेला विजेचा तापक आडोशामागे ठेवून त्याला तापमान-नियंत्रक जोडणे अधिक सुरक्षित. वायर कासवाच्या पायांत आणि तोंडात येणार नाही अशी उंचावरून न्यावी.

बीळ आणि ओलावा

उन्हाळ्याचे बीळ कासवाला स्वतः खणू द्यावे की आपण बांधून द्यावे? मोकळे माळरान असेल तर खणू द्यावे. शहरी परसात मात्र ते नेमके भिंतीलगत किंवा घराच्या जोत्याखाली खणायला घेते आणि भिंतीचा पाया पोकळ करते. बीळ आत कोसळून कासव गाडले जाण्याचे प्रकारही होतात. म्हणून बांधून देणे बरे. उतरता चर खणून त्याच्या बाजूंना काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती घालाव्यात, वर भक्कम छत टाकून किमान ५० सेंटिमीटर माती लोटावी. शेवटी कासवाला पुरते वळता येईल अशी खोली ठेवावी. चिंचोळ्या बोगद्यात अडकलेले पन्नास किलोचे कासव बाहेर काढणे हे काम ज्याने केले त्यालाच माहीत! तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, म्हणजे दुपारचे ऊन आत शिरत नाही. तोंडापुढे मातीचा बांध घालावा, कारण ॲरिझोनातही जुलै ते सप्टेंबर वळवासारखे पाऊस कोसळतात आणि बिळात पाणी भरते.

बिळाचा आणखी एक उपयोग बराच काळ लक्षात आला नव्हता. पाळीव सुलकाटांच्या ढालीचा प्रत्येक तुकडा पुष्कळदा पिरॅमिडसारखा वर उचललेला दिसतो. जास्त प्रथिने खाल्ल्याने असे होते असे मानले जाई. २००३ साली व्हिएन्नातील संशोधकांनी ५० पिल्ले पहिले पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या आहारावर वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या ढाली स्पष्टपणे अधिक उंचावल्या, प्रथिनांचा परिणाम मात्र किरकोळ आढळला. वाळवंटाच्या कडेचा प्राणी म्हणून त्याला कोरड्या पेटीत ठेवणारे लोक त्याचे नुकसानच करत होते. साहेलमधले पिल्लू दिवसाचा मोठा भाग ओलसर मातीच्या सान्निध्यात काढते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. मोठ्या कासवालाही बिळातील दमट हवेत श्वासावाटे कमी पाणी गमवावे लागते. आवारात जमिनीच्या पातळीत बसवलेली, उतरत्या कडांची उथळ परात हवी. उभ्या कडांचे टाके नको. त्यात उतरलेले कासव बाहेर येऊ शकत नाही. फीनिक्सच्या घरांमागे पोहण्याचे तलाव सर्रास असतात. या कासवाला पोहता येत नाही, ते सरळ तळाशी जाते.

कुंपण

कुंपणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले: ते आरपार दिसता कामा नये. जाळीपलीकडे गवत दिसत असेल तर कासवाच्या दृष्टीने तेथे अडथळाच नाही. ते तासन् तास त्याच जागी डोके खुपसून ढकलत राहते, नाक-तोंड सोलवटून घेते आणि शेवटी जाळी तळातून उचलते. भिंत भरीव असेल तर तिच्याकडे ते फारसे लक्ष देत नाही. जमिनीवर ६० सेंटिमीटर आणि जमिनीखाली ३०-४० सेंटिमीटर एवढी काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत घालावी, पोकळीत सळया उभ्या करून काँक्रीट ओतावे. नुसते एकावर एक रचलेले ठोकळे ते खेळण्यासारखे सारते. कोपरे गोलसर करावेत, कारण काटकोनात शिरलेले कासव तेथेच भिंतीवर पाय टेकून चढू पाहते आणि उताणे पडते. उताण्या कासवाची फुप्फुसे ढालीला लागून, म्हणजे आता सगळ्यात खाली, असतात आणि पोटातील सगळा भार त्यांच्यावर येतो. वर उन्हाळ्याचे ऊन असेल तर काही तासांत ते मरते. उंच दगड, पायऱ्या, तीव्र उतार आवारात नकोत ते याचसाठी. फाटकही भरीव हवे आणि कडी माणसाच्या कमरेच्या उंचीवर. कासव पळून जाते ते बहुधा फाटकातूनच. कुत्र्याचा आणि कासवाचा वावर वेगळा ठेवावा. वर्षानुवर्षे शांत असलेले कुत्रेही एखाद्या दिवशी ढालीच्या कडा हाड समजून चघळते.

चारा

सुलकाटा गवत खाते. आवारातच चारा उगवला तर सर्वांत उत्तम. फीनिक्सच्या हिरवळींवर जे गवत सर्वत्र असते ती आपली हरळीच. चराई आणि तुडवण सोसून पुन्हा फुटणारे तिच्यासारखे गवत नाही. दहा मीटर बाय पंधरा मीटरपेक्षा लहान आवारात एका मोठ्या कासवापुढे ती टिकेल असे मला वाटत नाही. आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून चारणे चांगले. हिवाळ्यात हरळी पिवळी पडते, तेव्हा वाळलेले गवत द्यावे लागते. जोडीला फड्या निवडुंगाची पाने, जास्वंद आणि तुती लावाव्यात. कण्हेर मात्र मुळासकट काढावी. फीनिक्समध्ये ती कुंपणाला सगळीकडे लावलेली असते, आणि तिची वाळलेली पानेही विषारी असतात. शेजाऱ्याच्या कण्हेरीची पाने वाऱ्याने येत असतील तर रोज झाडून काढण्याला पर्याय नाही. रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे आणि सुटे खडेही कासव गिळते.

किती कासवे?

एक. दोन नर एकत्र ठेवले तर ते गळ्याखालच्या पुढे आलेल्या ढालीच्या टोकाने एकमेकांना उलथवतात. नर आणि मादी ठेवली तर एका वेतात १५ ते ३० अंडी, आणि वर्षातून अनेकदा. हीच पिल्ले दुकानांत जातात. रानातून पकडलेल्या सुलकाटांच्या व्यापारी निर्यातीला साइट्स कराराने २००० सालापासून शून्य कोटा दिला आहे, कारण साहेलमध्ये ही जात झपाट्याने कमी होते आहे. सेनेगलमध्ये डाकारजवळ नोफ्लाय येथे त्यांच्यासाठी खास केंद्र चालवावे लागते. आणि त्याच वेळी ॲरिझोना, कॅलिफोर्नियातली प्राणी-निवारा केंद्रे टाकून दिलेल्या सुलकाटांनी भरलेली असतात. ही कासवे आफ्रिकेत परत पाठवता येत नाहीत, रोग नेण्याची भीती असते. तेथल्या वाळवंटात सोडणेही बेकायदा आहे, कारण त्यांच्यापासून मूळच्या वाळवंटी कासवांना श्वसनाचे रोग होऊ शकतात. चाळिशीतल्या माणसाने आज पिल्लू घेतले तर कासवाच्या मध्यम वयात तो स्वतः नसेल. त्यामुळे आवार आखतानाच पुढे ते कोणाकडे जाणार हेही ठरवावे लागते.

कागदावर आराखडा

वरील सर्व बाबी घेऊन १ ला ५० या प्रमाणात आलेख-कागदावर आराखडा काढायला मुलांना सांगावे. दहा बाय पंधरा मीटरचे आवार २० बाय ३० सेंटिमीटरचे होईल, आणि कासव १.२ सेंटिमीटरचे. पुठ्ठ्याचे तेवढे कासव कापून ते कागदावर फिरवले की वळायला कोठे जागा कमी पडते ते कळते. पाण्याचे, वायूचे नळ आणि विजेच्या तारा जमिनीखालून कोठून जातात ते सर्वांत आधी तांबड्या रेघेने दाखवावे, मग बिळाची जागा ठरवावी.

त्यानंतर सावल्या. फीनिक्सचे अक्षांश ३३.५ अंश उत्तर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांवर असतो, जूनमध्ये ८० अंशांवर. दक्षिणेला शेजाऱ्याची १.८ मीटर उंच भिंत असेल तर तिची माध्यान्हीची सावली हिवाळ्यात सुमारे २.८ मीटर आणि उन्हाळ्यात जेमतेम ०.३ मीटर पडते. म्हणजे त्या भिंतीलगतचा तीन मीटरचा पट्टा हिवाळ्यात थंड राहणार. हिवाळ्याचे घर तेथे नको, ते उत्तरेच्या बाजूला, दक्षिणेकडे दार करून असावे. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ अंशांवर, हाच हिशेब केला तर हिवाळ्यातली सावली १.६ मीटर येते, आणि जूनच्या २१ तारखेला ती भिंतीच्या उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते.